आमेनपर्यंतचा दम

कबड्डीत दम म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला आधी ते सांगायला हवं, कारण माझं सगळं त्या दमावरूनच बिनसलं. चढाई करणारा खेळाडू मधली रेषा ओलांडून समोरच्यांच्या हद्दीत शिरतो तेव्हा त्याला एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहावं लागतं. तेवढ्यात कुणाला तरी शिवायचं आणि पकडलं जाण्याआधी आपल्या बाजूला परत यायचं. दम तुटला की बाद. खेळ साधा आहे. घरून निघायचं, परक्यांच्या तावडीतून सुटायचं आणि घरी यायचं.

दम वाढवायची प्रत्येक गावाची आपली युक्ती असते. कुणी नदीत बुडी मारून बसतं, कुणी एका श्वासात पाढे म्हणतं. माझ्या मित्राने आणि मी दम वाढवला तो माझ्या आईच्या प्रार्थनेवर.

आई शाळेत गेलेली नव्हती. वडील रसायनीच्या एका कारखान्यात कामाला होते. तिथल्या सोबत्यांबरोबर ते प्रार्थनेला जायला लागले, मागोमाग आई गेली, आणि मी चालायला शिकण्याआधीच आमचं घर ख्रिस्ती झालं होतं. भावकीने लग्नाची बोलावणी बंद केली. सख्ख्या काकाने बांधावरून जाताना मान वळवायला सुरुवात केली ती मरेपर्यंत वळवलीच. आईला त्याचं दुःख होतं, पण रडगाणं नव्हतं. तिला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ऐकलेल्यातून आपली एक प्रार्थना स्वतःच जुळवली होती, जात्यावर बसून गाणं जुळवावं तशी. मला शाळेत धाडताना डोक्यावर हात ठेवून ती एका दमात म्हणायची:

"देवा बापा, पायाला बळ दे, छातीला दम दे, वाटेत काटा असला तरी तुझा हात असू दे, पडलं तर उचल, उठलं तर माज नको, वैऱ्याला भाकर दे, घरच्याला धीर दे, आणि दिवस बुडायच्या आत सगळ्यांना घरी आण, येशूच्या नावानं, आमेन."

माझा मित्र शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा. रोज मला हाक मारायला यायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत दारात उभा राहायचा. आईचा दुसरा हात त्याच्या डोक्यावर. त्याच्या घरच्यांना हे माहीत होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढे कबड्डी खेळायला लागल्यावर त्यानेच शोध लावला की आईची ही प्रार्थना बरोबर एका चढाईएवढी आहे. श्वास न तोडता 'आमेन'पर्यंत पोचलास तर चढाई पुरी. शाळेत जाता-येता आमची तीच शर्यत. मी 'वैऱ्याला भाकर'पाशी फुटायचो. तो आमेनपर्यंत जायचा आणि वर माझ्याकडे बघून दात काढायचा. म्हणून तो चढाईचा खेळाडू झाला आणि मी पकडीचा.

खेळायचं वय सरल्यावर आम्ही गावातल्या मुलींना शिकवायला लागलो. कशेळ्याच्या अलीकडे आमचं गाव. भात कापून झालं की त्याच्या वडिलांच्या खाचरात ढेकळं फोडून, पाणी मारून मैदान करायचं. मला देवाने बोलायची कला दिली नाही, उपदेश मला जमत नाही. आमची उपासना घेणाऱ्या पाळकांना मी एकदा म्हटलं होतं, माझी सेवा म्हणजे पोरींना घोट्यात पकड कशी घालायची ते शिकवणं. ते हसले आणि म्हणाले, मग तीच नीट कर. मी केली. शिकवताना मी एकाही मुलीला येशूचं नाव सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. लोकांच्या लेकरांवर आपला शब्द लादायचा नाही, एवढं मला कळत होतं.

मैदानाची एक रीत होती. पहिल्या दिवशी मधल्या रेषेवर नारळ फुटायचा. तो मित्र फोडायचा. मी त्या वेळी फक्की मारायचो, म्हणजे चुन्याच्या रेषा आखायचो. गावात म्हणायचे, ह्याचा नारळ तो फोडतो आणि त्याच्या रेघा हा मारतो. मित्र दरवर्षी नारळ दोन आणायचा. एक मैदानाचा. दुसरा देवापुढे न ठेवता थेट माझ्या घरी, आईसाठी. आई त्याच्या वड्या करायची आणि त्या सगळ्या पोरींना वाटायची. आई गेल्यावरही दुसरा नारळ यायचा थांबला नाही. वड्या माझी बायको करायला लागली.

एवढं सगळं सांगितलं, कारण पुढचं ऐकल्यावर लोक मला म्हणतात, अरे, तुमचं दोघांचं आधीपासूनच बरं नसेल. बरं होतं. दुखतं ते त्यामुळेच.

दोन-तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्यात एक मुलगी चढाईला फार चांगली होती. पाय हरणाचे, पण दम तोकडा. मित्राने तिला आईची प्रार्थना शिकवली. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पकडीच्या मुलींना हातात हात गुंफून साखळी धरायला शिकवत होतो. कानावर पडलं तसा मी त्याच्याकडे गेलो.

"हे नको शिकवूस रं. पाढे म्हणायला लाव. दिवस कसले चाललेत, बघतोस ना."

तो हसला. "आरं, माझा दम त्याच्यावरच वाढला ना? तुझी आय माझी कोण नव्हती का? पोरगी भाकरीपर्यंत आली, दोन दिवसांत आमेनला पोचंल."

ती पोचली. ज्या दिवशी पोचली त्याच दिवशी तिच्या हौशी मामाने मोबाईलवर तिचं चित्रण केलं आणि कौतुकाने स्टेटसला ठेवलं. एका श्वासात अख्खी प्रार्थना, शेवटी 'आमेन' आणि मग तिचं ते खदखदा हसणं. तिच्यामागे टाळीने ताल धरणारा एक हात दिसत होता. मनगटात तांब्याचं कडं. ते कडं माझ्या मित्राचं, हे गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. माझ्या मनगटात मी कधी घड्याळसुद्धा घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच चित्रण सगळ्या ग्रुपवर फिरायला लागलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं की कबड्डीच्या नावाखाली आमच्या लेकी बाटवतात. कर्जतहून, खालापूरहून, कुठून कुठून लोकांचे फोन. मी फोन बंद केला नाही. एकेकाला सांगत बसलो की तुमचा गैरसमज होतोय. काय मूर्ख होतो! गैरसमज झालेला माणूस विचारतो. ह्यांना विचारायचं नव्हतं.

मी आधी मित्राच्या घरी गेलो. तो गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. मी म्हटलं, चल, दोघं मिळून गावच्या कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांना सांगू की हे तू शिकवलंस आणि का शिकवलंस. दोन वाक्यांचं काम आहे.

तो वैरण टाकतच राहिला. मग म्हणाला, "माझ्या पोरीची सोयरीक जमलीया. तिकडची माणसं लय कडक हायती. माझं नाव आलं तर मोडंल."

"आणि माझं आलं तर?"

"तुला तर तसंपण बोलत्यातच की रं. एक बोल जास्ती."

हे तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो हिशेब समजावल्यासारखं बोलला. मी तिथेच उभा राहिलो. म्हशीने तोंड वर करून माझ्याकडे पाहिलं, त्याने पाहिलं नाही.

तरी मला आशा होती. दोन दिवसांनी देवळाच्या सभामंडपात गाव बसलं. त्यात वाईट माणसं फार नव्हती. काहींना खरंच भीती वाटत होती, काही बाहेरून आलेले तापवत होते, आणि बाकीचे लवकर उरकून जेवायला जायच्या विचारात होते. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे म्हातारा माणूस, मला लहानपणापासून ओळखणारा. त्यांनी विचारलं, "पोरींना तू शिकवलंस का हे?"

"मी नाय शिकवलं."

"मंग कोणी?"

मी मित्राकडे पाहिलं. तो खांबाला टेकून बसला होता. त्या उन्हाच्या दिवशी त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता आणि बाही मनगटापर्यंत ओढलेली होती. मंडपात निम्म्याहून जास्त लोकांनी त्या बाहीकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. कुणी तोंड उघडलं नाही.

मी त्याचं नाव घेतलं नाही. तो काही माझा मोठेपणा नव्हता. मला वाटत होतं की तो बोलेल. मी आधी बोललो तर त्याची बोलायची संधी मीच हिरावून घेईन, असं काहीतरी खुळं डोक्यात होतं. कबड्डीत साखळी धरल्यावर जोडीदाराचा हात सुटणार नाही हे गृहीत धरूनच आपण पुढे झेपावतो. मी तसा थांबलो.

मग बाहेरून आलेल्यांपैकी एक जण म्हणाला की असली घाणेरडी वाक्यं पोरींच्या तोंडी घालायला लाज कशी वाटली नाही. तिथे माझं डोकं फिरलं.

"घाणेरडी कशाला म्हणता? माझ्या आयची प्रार्थना हाय ती. मी शिकवली नाय, पण मी रोज म्हणतो आणि मरेपर्यंत म्हणणार."

झालं. ज्यांना उरकायचं होतं त्यांना उरकायला निमित्त मिळालं.

अध्यक्षांनी मधला मार्ग काढायचा म्हणून काढला. मी मैदानावर सगळ्यांसमोर नारळ फोडायचा, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि ह्यापुढे प्रार्थना-बिर्थना सोडली असं बोलून दाखवायचं. मग मी मैदानावर राहीन. आणि तेव्हा, तोपर्यंत मुका बसलेला माझा मित्र उठला. माझ्याजवळ आला. त्याच्या हातात नारळ होता, तिथलाच कुणाचा तरी. हळू आवाजात म्हणाला, "फोड ना रं. येक नारळ तर हाय. मनात काय ठेवायचं ते ठेव."

इतकी वर्षं माझ्यासाठी दुसरा नारळ बाजूला काढणारा हा माणूस. मला नारळाचा तिटकारा नाही, त्यांच्या देवाचाही नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याने तो फोडावा, मी बाजूला उभा राहून रेघा मारीन. मी का फोडत नाही हे जगात बायकोखालोखाल कुणाला कळत असेल तर ह्याला. आणि तोच हे बोलत होता. मी म्हणालो, "तुला म्हायती हाय." नारळ घेतला नाही. मैदान सुटलं.

आमच्या शास्त्रात संकटाच्या वेळी मित्राला ओळख न दाखवणाऱ्या माणसाची एक जुनी गोष्ट आहे. त्यात कोंबडा आरवतो आणि तो माणूस बाहेर जाऊन हमसून रडतो. ह्याने बैठक सुटल्यावर सगळ्यांसाठी कोकम सरबत मागवलं.

पुढचे महिने कसे गेले ते फार खुलवून सांगावंसं वाटत नाही. रविवारी आमच्या पडवीत पाच-सहा कुटुंबं भजनाला जमायची. एका रविवारी काही लोक आले, ढोलकी अंगणात फेकली, भिंतीवरचा लाकडी क्रूस काढून आडवा केला आणि पुन्हा जमलात तर बघा म्हणाले. त्यातल्या दोघांच्या बहिणींना मी खेळ शिकवला होता. ते माझ्याकडे न बघता ओरडत होते. पुढच्या रविवारी निम्मी माणसं आली नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. बायको ब्लाउज शिवते. गावातल्या बायकांनी बेतलेली कापडं परत मागून नेली, काहींनी तर एक बाही लावलेली तशीच. त्या दिवशी ती माझ्यावर तडकली.

"नाव घ्यायचं होतं तुमी त्याचं. सरळ घ्यायचं होतं. देवाने खरं बोलायला सांगितलंय, मुकं बसायला नाय."

  त्याला क्षमा कर म्हणून मी देवाकडे रोज मागतो, पण तोंडाने. 'वैऱ्याला भाकर दे' म्हणताना मी लहानपणी दम संपून अडकायचो. आता दम असतो, तरी अडकतो. कारण वैरी मला झेपतो. हा वैरी नव्हता.

एकदा कशेळ्याच्या जीपच्या थांब्यावर ती मुलगी भेटली. दप्तर पोटाशी धरून उभी होती. मला बघून तिचे डोळे भरले.

"सर, माझ्यामुळं झालं ना समदं?"

"खुळी का गं तू? तुझ्यामुळं काय होतंय?"

"मी सांगू का समद्यांना? काकांनी शिकवलं म्हणून? मी सांगते. मी भीत नाय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, सांग. जा आणि चौकात उभी राहून सांग. माझं मैदान मला परत दे. तिच्या एका वाक्याने सगळं मिटलं नसतं, पण गावाला निदान लाजून त्याच्यासारखी आपली बाही खाली ओढावी लागली असती. पण मग तिला संघात कोण ठेवणार होतं? मित्र ठेवणार होता? जिल्ह्याची निवड तोंडावर आली होती. मी म्हणालो, "नाय सांगायचं. तू खेळ." आणि गप्प बसवेना म्हणून विचारलं, "डावा पाय अजून मागं राहतो का वळताना?"

"राहतो."

मग त्या थांब्यावर, जीपवाला कर्जत-कर्जत ओरडत असताना, मी तिला टाचेवर नाही तर चवड्यावर वळायला लावलं. तिने दप्तर खाली ठेवून चार वेळा वळून दाखवलं. शेजारची मासेवाली टोपली सावरत म्हणाली, "काय नाच चाललाय गं?" आम्ही दोघं हसलो. त्या वर्षातलं माझं शिकवणं एवढंच.

निवडीचे सामने दहिवलीच्या बाजूला एका मैदानावर होते. बायको म्हणाली, जाऊ नका, जीव जाळून घ्याल. मी गेलो. दुपारचं ऊन, बांबूला बांधलेला सुतळीचा दोर, आणि दोराच्या बाहेर मी. आत, जिथे माझी खुर्ची असायची, तिथे तो एकटा बसला होता. सोयरीक झाली होती, लग्न पार पडलं होतं. आता त्याच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. कडं उन्हात चमकत होतं. मला त्याचा इतका राग आला की मी काही वेळ खेळच पाहिला नाही.

शेवटची चढाई आली तेव्हा आमच्या मुली एका गुणाने मागे होत्या. मी 'आमच्या' म्हणतो, सवय आहे. ती मुलगी आत गेली. समोर पाच जणी. तिने उजवीकडे हूल दिली, कुणी फसलं नाही. पुन्हा दिली. वेळ संपत चालला आणि लोक ओरडायला लागले. मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीतून उठून रेषेपाशी आला होता. त्याची नजर तिच्या पायांवर होती आणि ओठ हलत होते.

तो वेळ मोजत होता. आम्ही आयुष्यभर जसा मोजला तसा. गोंगाटात ऐकू काहीच येत नव्हतं, पण मला ऐकायची गरज नव्हती. 'पडलं तर उचल' ला त्याचे ओठ कसे होतात ते मला माहीत आहे. 'उठलं तर माज नको.' 'वैऱ्याला भाकर दे.' मी त्याच्याबरोबर म्हणत होतो हे मला नंतर कळलं. ती एकदम खाली वाकली, कोपऱ्यातल्या दोघींना एका झेपेत शिवली, चवड्यावर वळली आणि त्यांचे हात तिच्या पायांवर पडता पडता मधल्या रेषेवर कोसळली. त्याच वेळी त्याचे ओठ मिटले, पुन्हा उघडले आणि थांबले. आमेन.

पंचाने दोन बोटं वर केली. सगळी मैदानात धावली. तो धावला नाही. त्याने कपाळाचा घाम पुसला, मान वळवली आणि दोराबाहेर मला पाहिलं. मी पाहिलंय हे त्याला कळलं. त्याला पळून जाता आलं असतं, पण तो चालत माझ्याकडे आला. दोराच्या आत तो, बाहेर मी. आतून कुणी बघत नाही ना, म्हणून त्याने एकदा मागे पाहिलं. मग लहानपणी दात काढायचा तसं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं.

"आली बघ घरी," तो म्हणाला.

बोलल्यावर त्याला समजलं की आपण कुणाचे शब्द बोललो. त्याचा हात दोरावर होता, माझ्या हातापासून वीतभर. आईचे दोन हात आमच्या दोघांच्या डोक्यांवर असायचे तेव्हा ती हे वाक्य नेहमी सावकाश म्हणायची, दम संपत आलेला असला तरी. सगळ्यांना घरी आण.

"सगळे नाय आले," मी म्हणालो, आणि जीप धरायला निघालो.